खोकला नाही, म्हणून क्षय नाही?

क्षय हा रोग आपल्याला नवा नाही. कोणी त्याला क्षय म्हणतं, कोणी टी.बी. म्हणतं. तो कसा ओळखायचा, हेही आपल्याला ठाऊक आहे. दोन आठवडे खोकला थांबत नाही. संध्याकाळी बारीक ताप येतो. अंग सुकतं. कधी थुंकीत रक्त दिसतं. मग जाणती माणसं म्हणतात, "बाबा, थुंकी तपासून ये." हे सांगणं योग्यच आहे.

पण काही माणसांचा क्षय असा उघड दिसत नाही. तो लपून वाढतो. ज्यांच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू आहेत, त्यांच्यात असं होतं. ते का होतं आणि आपण काय करावं, ते आज पाहू.

समजा, आपल्या मढच्या बंदरावर एक खलाशी आहे. दोन महिन्यांत त्याची चोळण सैल झाली आहे. रात्री घामाने अंथरूण भिजतं. मानेला एक गाठ आली आहे. ती दुखत नाही. घरची बाई म्हणते, "अहो, ताप जात नाही. दवाखान्यात चला." तो म्हणतो, "अगं, मला खोकला आहे का? दगदगीने होतं असं." शेवटी तो थुंकी तपासून येतो. काचेवर जंतू दिसत नाहीत. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि आत क्षय वाढतच राहतो.

जंतू आणि पहारा

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने 1882 साली शोधून काढला. हा जंतू हवेतून येतो. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, की जंतू हवेत जातात. ते दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत शिरतात. पण जंतू शिरला, की रोग झालाच, असं नसतं. बहुतेकांचं शरीर त्या जंतूला आतल्या आत कैद करून ठेवतं. अशा 100 माणसांपैकी 5 ते 10 जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी क्षय होतो.

एचआयव्ही असेल आणि त्यावर औषध चालू नसेल, तर हिशेब बदलतो. जेवढी माणसं एरवी सगळ्या आयुष्यात आजारी पडतील, जवळजवळ तेवढी एका वर्षात आजारी पडू शकतात.

याचं कारण सोपं आहे. आपल्या गावचा किल्ला तुम्ही पाहिला आहे. तो पोर्तुगीजांनी बांधला. 1739 साली मराठ्यांनी तो घेतला. किल्ल्यावर पहारा जागा असला, तर शत्रू येताच तोफा सुटतात. धूर उठतो. लांबच्या माणसालाही कळतं, की लढाई जुंपली. पण पहारेकरीच मेले असतील, तर काय होईल? शत्रू गुपचूप आत येईल. तोफ नाही, धूर नाही. लांबून पाहणारा म्हणेल, किल्ल्यात सारं ठीक आहे.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराचा पहारा करतात. त्यांतल्या सीडी-4 नावाच्या पेशी मुख्य. एचआयव्ही नेमका त्यांनाच मारतो. फुफ्फुसात पडणारी भोकं आणि त्यांतून येणारा जंतूंनी भरलेला बेडका, हा बराचसा शरीराने दिलेल्या लढाईचा धूर आहे. लढाईच झाली नाही, तर धूर कुठून दिसणार?

मग क्षय कसा दिसतो?

एचआयव्ही नुकता झाला असेल आणि पहारा मजबूत असेल, तर क्षय इतरांसारखाच दिसतो. खोकला येतो, थुंकीत जंतू सापडतात. पहारा जसजसा ढासळतो, तसतसं रूप बदलतं.

खोकला थोडा असतो किंवा नसतोच. थुंकीत जंतू कमी असतात, म्हणून दुर्बिणीखाली दिसत नाहीत. छातीचा फोटो कधी कधी साफ येतो. जंतू मात्र फुफ्फुसाबाहेर पसरतात. मानेत, काखेत गाठी येतात. छातीत किंवा पोटात पाणी होतं. काहींच्या मेंदूच्या आवरणाला क्षय होतो. तेव्हा डोकं सतत दुखतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. अशा वेळी उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

चार प्रश्न

म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाने दोन आठवडे वाट पाहायची नाही. त्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. खोकला आहे का? ताप आहे का? वजन उतरलं का? रात्री घाम येतो का? चारांतल्या एकालाही "हो" असं उत्तर आलं, तर लगेच दवाखान्यात जावं. खोकला कालचा असला, तरी सांगावा.

आता तपासणीही सुधारली आहे. सीबीनॅट नावाचं यंत्र आहे. दुर्बिणीला न दिसणारे थोडे जंतूही ते बहुधा पकडतं. यंत्राला सुमारे दोन तास लागतात. नेहमीचं एक मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही, हेही कळतं. गाठीतला पू किंवा मेंदूजवळचं पाणीही त्यात तपासता येतं. पहारा फार ढासळला असेल, तर लघवीच्या तपासणीनेही क्षय कळू शकतो. मात्र एक तपासणी साफ आली आणि ताप तसाच राहिला, तर घरी बसू नका. डॉक्टरांना पुन्हा भेटा.

एचआयव्ही कोणाच्या तोंडावर लिहिलेला नसतो. म्हणून क्षयाच्या प्रत्येक रोग्याला एचआयव्हीची तपासणी करायला सांगतात. त्यात अपमान नाही. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत ती फुकट होते.

औषधाने काय होतं?

आपल्या देशात एचआयव्ही प्रथम 1986 साली मद्रासला आढळला. तेव्हा हाताशी औषध नव्हतं. आज तसं नाही. 1 एप्रिल 2004 पासून सरकार एचआयव्हीच्या गोळ्या फुकट देऊ लागलं. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. क्षयाची औषधंही फुकट मिळतात. शिवडीला महापालिकेचं क्षयाचं मोठं रुग्णालय आहे.

दोन्ही रोग असतील, तर आधी क्षयाच्या गोळ्या सुरू करतात. मग बहुधा दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीच्या गोळ्या देतात. मेंदूचा क्षय असेल, तर थोडे जास्त थांबतात. साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. मेंदूच्या किंवा हाडाच्या क्षयाला जास्त काळ लागतो. ही औषधं एकमेकांचा जोर कमी करू शकतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही रोग सांगा. ते मात्रा जुळवून देतील.

आणखी एक गोष्ट. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कधी ताप वाढतो, गाठी सुजतात. माणूस म्हणतो, "औषध बाधलं, बंद करतो." तसं करू नका. पहारा जागा झाला आहे आणि लढाई सुरू झाली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. डॉक्टरांकडे जा. गोळ्या आपल्या मनाने सोडू नका.

होडीवर जाणाऱ्याने सफरीला पुरतील एवढ्या गोळ्या आधीच मागून घ्याव्यात. घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या ठेवाव्यात. एचआयव्ही आहे, पण क्षय नाही, अशांनाही क्षय होऊ नये म्हणून औषध देतात. ते दवाखान्यात जरूर विचारावं.

लाजेपायी जीव जातो

खरा अडसर औषधाचा नाही, लाजेचा आहे. "लोक काय म्हणतील?" म्हणून माणूस गाठ लपवतो, ताप लपवतो. एचआयव्ही एका ताटात जेवल्याने लागत नाही. शेजारी बसून जाळं विणल्याने लागत नाही. क्षय हवेतून लागतो खरा, पण औषध नीट घेतलं की ती भीती लवकरच कमी होते. घरच्या माणसांनीही तपासून घ्यावं.

2017 साली एचआयव्हीबद्दल कायदा झाला. या रोगापायी कोणाला कामावरून काढणं, शाळा नाकारणं, उपचार नाकारणं कायद्याने मना आहे. रोग्याच्या संमतीशिवाय दवाखान्याने त्याची गोष्ट बाहेर सांगायची नाही.

आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलं, की न कळलेलं विचारावं. मोठ्यांनाही तेच सांगतो. क्षयाविषयी 1800-11-6666 या नंबरवर आणि एचआयव्हीविषयी 1097 या नंबरवर फुकट विचारता येतं. तुम्हाला आता वाचता येतं. हे चार प्रश्न घरात मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांत कोणी गप्प बसून ताप सोसत असेल, तर त्याला दवाखान्याची वाट सापडेल.