शेतावरच तयार करा पाईप वाकविण्याचा साचा

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी शेडनेटचा किंवा कीटकरोधक जाळीचा बोगदा उभारताना सर्वांत अडचणीचे काम असते ते पाईपच्या कमानी तयार करण्याचे. अनेक ठिकाणी पाईप झाडाच्या बुंध्याला किंवा ट्रॅक्टरच्या चाकाला अडकवून वाकविला जातो. त्यामुळे पाईप एकाच जागी दबतो आणि प्रत्येक कमान निराळ्या आकाराची होते. असमान कमानींवर जाळी सारखी ताणली जात नाही. सैल राहिलेली जाळी वाऱ्याने फडफडते, पाईपवर घासून फाटते आणि दबलेला पाईप त्याच जागी मोडतो. हे टाळण्यासाठी लागणारा साधा साचा शेतावर तयार करता येतो.

पाईप का दबतो?

पाईप वाकताना त्याची बाहेरील बाजू ताणली जाते व आतील बाजू आकसते. सर्व जोर एका बिंदूवर आला तर आतील बाजूला सुरकुती पडून पाईप चपटा होतो. म्हणजेच खरी गरज जास्त ताकदीची नसून पाईपला लांबवर आधार देण्याची आहे. हा आधार साच्याच्या गोल काठामुळे मिळतो.

पाईपची निवड व मापे

लहान बोगद्यासाठी १५ मि.मी. म्हणजे अर्धा इंची गॅल्व्हनाईज्ड पाईप घ्यावा. त्याचा बाहेरील व्यास सुमारे २१.३ मि.मी. असतो. भारतीय मानक १२३९ प्रमाणे पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम व लाल जड प्रकारासाठी असतो. या आकारात पत्र्याची जाडी अनुक्रमे २.०, २.६ व ३.२ मि.मी. असते. कमानींसाठी निळ्या पट्ट्याचा पाईप घ्यावा.

सहा मीटरच्या पाईपची दोन्ही टोके प्रत्येकी ३० सें.मी. सरळ ठेवावीत. उरलेल्या ५.४ मी. लांबीची अर्धवर्तुळाकार कमान करावयाची झाल्यास ५.४ ला ३.१४ ने भागावे. त्रिज्या १.७२ मी. येते. अशा बोगद्याची रुंदी ३.४४ मी. व मध्यावरील उंची १.७२ मी. मिळते. त्यात एक मीटर रुंदीचे दोन गादीवाफे आणि मधे चालण्यास वाट बसते.

साच्याची त्रिज्या

थंड पाईप वाकवून सोडला की तो थोडा उलगडतो. म्हणून साचा कमानीपेक्षा लहान त्रिज्येचा असावा लागतो. वरील पाईपसाठी त्रिज्या सुमारे एकपंचमांशाने कमी धरून, म्हणजे काठाची त्रिज्या १.३७ मी. ठेवून पहिला नमुना काढावा. पाईपच्या जाडीनुसार व पोलादानुसार हे प्रमाण बदलते, त्यामुळे चाचणी घेतल्याशिवाय सर्व पाईप वाकवू नयेत.

साचा तयार करण्याची पद्धत

१) जमिनीवर खिळा ठोकून त्याला न ताणणारी तार बांधावी व १.३७ मी. त्रिज्येचा कंस प्लायवूडवर आखावा.

२) १८ मि.मी. जाडीच्या प्लायवूडचे १.२ मी. लांब व ३० सें.मी. रुंद असे दोन तुकडे कंसावर कापून एकमेकांवर बसवावेत. काठ कानशीने गुळगुळीत करावा.

३) हा साचा १.५ मी. लांब व ६० सें.मी. रुंद जाड फळीवर १२ मि.मी. बोल्टने पक्का करावा. गोल काठापुढे पाईप टेकण्यास जागा ठेवावी.

४) साच्याच्या एका टोकाला, काठापासून २५ मि.मी. अंतरावर, १० सें.मी. लांबीचा टणक लाकडी ठोकळा बोल्टने बसवावा. पाईपवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याला जुन्या ट्यूबचे रबर लावावे.

५) फळी हलणार नाही अशा भक्कम टेबलावर घट्ट बसवावी. साच्याच्या मागे चार मीटर जागा मोकळी असावी.

वाकविण्याची रीत

पाईपवर एका रेषेत खडूची खूण करावी. वेल्डिंगची शिवण वरच्या बाजूस ठेवावी. ती बाहेरील किंवा आतील काठावर येऊ देऊ नये. ३० सें.मी.ची खूण ठोकळ्यापाशी आणून मोकळे टोक सावकाश ओढत पाईप साच्याच्या काठाला टेकवावा. नंतर ८० सें.मी. पुढे सरकवून पुन्हा ओढावा. दुसऱ्या माणसाने वाकलेला भाग उचलून धरावा. खडूची रेघ फिरली तर कमान पिळली गेली असे समजावे. शेवटच्या भागासाठी मोकळ्या टोकावर एक इंची पाईप चढवून तरफेसारखा वापरावा.

तपासणी

प्रथम दोन मीटरच्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. वाकलेल्या भागाच्या आतील बाजूस एक मीटर लांबीची सरळ पट्टी टेकवून मध्यावरील फट मोजावी. ती ७.५ सें.मी. आली तर आकार बरोबर आहे. फट कमी असल्यास साच्याची दोन्ही टोके थोडी तासून त्रिज्या कमी करावी. फट जास्त असल्यास टोकांना पातळ पट्ट्या ठोकाव्यात.

काही सूचना

• गॅल्व्हनाईज्ड पाईप तापवून वाकवू नये. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

• कोळप्याच्या मुठीसारखा लहान बाक देताना पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून भरावी व खाचेचा साचा वापरावा. बाकाची त्रिज्या बाहेरील व्यासाच्या सहापटीहून कमी नसावी. ओली वाळू भरून, टोके बंद करून साधा काळा पाईपही कधी तापवू नये, वाफेच्या दाबाने तो फुटू शकतो.

• कापलेल्या टोकांना जस्तयुक्त रंग लावावा.

• कमानीची टोके जमिनीत ठोकलेल्या एक इंची पाईपच्या खुंट्यांमध्ये बसवून बोल्टने अडकवावीत.

हा साचा रोपवाटिकेच्या लहान बोगद्यापुरता आहे. मोठ्या हरितगृहाचा सांगाडा वाऱ्याच्या दाबाचा हिशेब करूनच तज्ज्ञांकडून तयार करून घ्यावा. लहान बोगद्यावरील जाळीही वळवाचे वादळ येण्यापूर्वी सोडून ठेवावी, म्हणजे कमानी आणि रोपे दोन्ही वाचतील. एकदा केलेला साचा जपून ठेवल्यास गावातील इतर शेतकरी बंधूंनाही त्याचा उपयोग होईल.