शान्शीचे राळे आणि बाळाचा कणा

भिक्खू फाहियानचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विनयाचे ग्रंथ शोधत इ.स. ३९९ मध्ये तो चीनमधून पायी भारताकडे निघाला. त्याचा मुलूख म्हणजे उत्तर चीनमधला आजचा शान्शी प्रांत. हे पान आरोग्याचे, म्हणून आम्ही त्या मुलखाच्या चुलीकडे वळतो.

शान्शी हे पिवळ्या मातीचे पठार. पाऊस कमी, हिवाळा कडक. त्यामुळे तिथे कोरडवाहू धान्येच फार: राळे, ज्वारी, ओट. ओटचे पीठ उकळत्या पाण्यात मळतात, त्याच्या पातळ गुंडाळ्या करून चाळणीत उभ्या लावतात आणि वाफवतात. ज्वारी आंबवून काळा सिरका करतात. तो उघड्यावर रांजणात ठेवतात, उन्हाळ्यात पाणी उन्हाने उडते, हिवाळ्यात वर जमलेला बर्फ काढून टाकतात, म्हणजे सिरका दाट होतो. आपल्याकडे ज्वारीला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडणारे आहेत, तिथे ती प्रांताची शान आहे.

राळ्याची पेज ही तिथली रोजची. बाळंतिणीला तीच पेज गूळसर लाल साखर घालून देतात, सोबत उकडलेली अंडी. ही चाल आम्हाला पसंत आहे. १०० ग्रॅम राळ्यात सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात, पॉलिशच्या तांदळात सुमारे ७. लाल साखरेने रक्त वाढते हा समज मात्र खरा नाही; तिच्यात लोह अगदी थोडे.

इतके कसदार धान्य खाणाऱ्या याच शान्शीत, या शतकाच्या सुरुवातीला, पाठीचा कणा उघडा राहिलेली किंवा कवटी न बनलेली बाळे जगात सर्वाधिक जन्मणाऱ्या भागांपैकी एक भाग होता. कारणे एकापेक्षा जास्त आहेत, कोळशाच्या धुराचाही अभ्यास झाला आहे. पण मोठे कारण फोलेटची कमतरता. हे जीवनसत्त्व ताज्या पालेभाजीत आणि डाळींत मिळते. तिथल्या खेड्यांत लांब हिवाळाभर ताजी भाजी नसे. खारवलेल्या भाज्या आणि बटाटे यांवर भागवायचे. चीन सरकारने २००९ पासून ग्रामीण स्त्रियांना फॉलिक ॲसिडची गोळी मोफत द्यायला सुरुवात केली, रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याआधी तीन महिने आणि नंतर तीन महिने.

आधी का? गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या कण्याची नळी बंद होते. पाळी चुकल्याचे कळून बाई दवाखान्यात येईपर्यंत ते काम उरकलेले असते.

आम्ही वॉर्डात असताना असे बाळ जन्मले की घरची मंडळी सुनेलाच धरत, हिने ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून. ग्रहणाचा आणि कण्याचा काडीचा संबंध नाही. त्या बाईला दोष देणे बंद करा.

मूल हवे असे ठरले की त्याच महिन्यात आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात फॉलिक ॲसिडची गोळी मागा. मेथी, पालक, चवळी जे स्वस्त असेल ते आणा, धुऊन मग चिरा, शिजवलेले पाणी ओतून देऊ नका. आधी असे बाळ झालेले असेल, किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, तर साधी मात्रा पुरत नाही. दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा.