उजनीचे पाहुणे आणि आपली जीवदया

फाल्गुन लागला की उजनी जलाशय ओसरू लागतो. कालवे, उपसा सिंचन आणि वाढते ऊन यांमुळे भीमेचे पाणी मागे सरते आणि गाळाचे विस्तीर्ण काठ उघडे पडतात. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा हा जलाशय दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. परतीच्या वाटेवरील पक्ष्यांसाठी तो या दिवसांत अन्नछत्रच ठरतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही काठावरची गावे बारामती, इंदापूर, दौंड येथील व्यापारी कुटुंबांना तर अगदी जवळची आहेत.

डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब येथून हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जातो. या पक्ष्याने ७,००० मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. हिवाळाभर पांढऱ्या डोक्याने वावरणारा कुरव वसंतात तपकिरी टोपी चढवतो. ती लडाख-तिबेटकडील विणीच्या हंगामाची तयारी असते. रोहित मात्र पावसाच्या तोंडापर्यंत रेंगाळतो.

एवढ्या प्रवासाची शिदोरी म्हणजे शरीरात साठवलेली चरबी. छायाचित्रासाठी नाव थव्यात घातली, की सारा थवा उडतो आणि साठवलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. पाहणाऱ्याला तो क्षणभराचा आनंद असतो. पक्ष्याला मात्र ती तूट पुन्हा भरून काढावी लागते.

याहून नाजूक प्रश्न दाण्याचा आहे. कुरवांना शेव-फरसाण टाकण्याची प्रथा अनेक जलाशयांवर रूढ झाली आहे. टाकणाऱ्याच्या मनात दयाच असते. परंतु तळलेले, खारट पदार्थ हे कुरवाचे अन्न नव्हे. राजस्थानातील खीचन गावात जैन कुटुंबांनी कुरजांसाठी अनेक दशके धान्य पुरवले, त्याची आठवण येथे होते. तेथे दाणा कुरजेच्या स्वाभाविक आहारातला असतो, तो कुंपण घातलेल्या चुग्गाघरात पसरला जातो आणि माणसे दूर राहतात. देणाऱ्याने पक्ष्याची गरज आधी ओळखली, आपली हौस नंतर. दोन्ही ठिकाणी भावना एकच. फरक विवेकाचा आहे.

तिसरी काळजी पावलांची. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतो. ती वाळू-मातीत अशी मिसळून जातात की जवळ जाऊनही चटकन दिसत नाहीत. पाहून पाऊल टाकण्याची शिकवण देणाऱ्या ईर्यासमितीचे स्मरण येथे शब्दशः उपयोगी पडते. अशा बेटावर उतरूच नये, हेच उत्तम.

सहल आखताना सूर्योदयाची वेळ साधावी. तेव्हा ऊन सौम्य असते, पक्षी चरण्यात मग्न असतात आणि परतेपर्यंत नवकारसीही होऊन जाते. चांगली दुर्बीण न्यावी, मंद रंगाचे कपडे घालावेत. स्थानिक मच्छीमारांपैकी अनेकजण आता मार्गदर्शक झाले आहेत. त्यांना योग्य मोबदला द्यावा आणि नाव थव्यापासून दूर ठेवण्यास प्रारंभीच सांगावे. ग्राहकानेच असा आग्रह धरला, तर नावाड्यालाही घाई उरत नाही.

मुलांच्या हाती शेवेच्या पुड्याऐवजी वही द्यावी. कोणता पक्षी दिसला, काय खात होता, कोणत्या दिशेने गेला, हे त्यांनी लिहावे. अभयदान म्हणजे काय, हे त्यांना अशा एका सकाळी सहज उमजेल: आपल्या अस्तित्वाचा भार दुसऱ्या जीवावर न पडू देणे.