पुण्याहून समुद्राकडे, ताम्हिणीमार्गे

शनिवारी पहाटे पाचला निघा. चांदणी चौक गर्दीआधी ओलांडला की अर्धं काम झालं. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. खरी मजा दिवेआगरच्या पुढे आहे! आरावी, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो: एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला लाटा. इथे घाई करूच नका, जागोजागी थांबा. हरिहरेश्वरला जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, कारण खडकांवरचा प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीलाच करता येतो. वेळ असेल तर बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरा. पुढे केळशी, आंजर्ले. घरगुती मुक्काम असेल तर उकडीचे मोदक आदल्या दिवशीच सांगून ठेवा.