रेषेबाहेरचा खेळ : महाविद्यालयीन मैदान आणि प्रेक्षकांचे आचरण

मैदानावरील प्रत्येक सामन्याला तीन पक्ष असतात : खेळणारे, निवाडा देणारे आणि पाहणारे. पहिल्या दोन पक्षांसाठी लिखित नियमावली असते, तिचा सराव करून घेतला जातो आणि तिच्या भंगाबद्दलची शिक्षाही आधीच ठरलेली असते. तिसरा पक्ष मात्र संख्येने सर्वांत मोठा असूनही त्याच्या शिक्षणाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. प्रेक्षकाने कुठे बसावे, काय बरोबर आणू नये, कोणत्या शब्दांत दाद द्यावी आणि हार कशी स्वीकारावी, हे त्याला आपोआप कळेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात प्रेक्षकाचे आचरण हाही खेळाचाच एक भाग आहे आणि तो शिकवावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय मुख्यतः महाविद्यालयांच्या मैदानांशी निगडित आहे. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा हे पाच जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, म्हणजे विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांनी परस्परांशी खेळायचे सामने, या जाळ्यातून होतात. अशा सामन्यांना बहुधा चारी बाजूंनी बांधलेले स्टेडियम लाभत नाही. मोकळे मैदान, फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषा, बांबूंना बांधलेला दोर आणि त्या दोराला खेटून उभी असलेली गर्दी, एवढीच तेथील व्यवस्था असते. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये भिंत किंवा जाळी नसल्यामुळे त्या फक्कीच्या रेषेचा मान राखणे हे सर्वस्वी प्रेक्षकांच्या समजुतीवर अवलंबून राहते.

ही रेषा ओलांडल्याने नेमके काय बिघडते, हे कबड्डीच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. म्हणजेच हा खेळ अत्यंत आटोपशीर जागेत चालतो. चढाई करणाऱ्या खेळाडूने ३० सेकंदांच्या आत आपली चढाई पूर्ण करायची असते आणि त्या काळात ‘कबड्डी’ हा शब्द स्पष्टपणे, अखंड उच्चारत राहायचे असते, ज्याला खेळाच्या भाषेत दम धरणे म्हणतात. दम तुटला की नाही, याचा निर्णय पंचांना कानाने ऐकून द्यावा लागतो. प्रेक्षक रेषेपर्यंत सरकले, मागच्यांनी पुढच्यांना रेटले आणि ऐन चढाईत कर्ण्यांचा व हलगीचा गजर सुरू झाला, तर पंचांना तो उच्चार ऐकूच येत नाही. मग एका संघाला न मिळालेला गुण आणि दुसऱ्याला मिळालेला गुण या दोन्हींमध्ये प्रेक्षकांचा वाटा असतो.

फुटबॉलमध्ये हा हस्तक्षेप नियमांनीच ओळखलेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बाह्य हस्तक्षेप झाल्यास, म्हणजे मैदानाबाहेरील व्यक्ती, वस्तू किंवा प्राणी यांच्यामुळे खेळात अडथळा आल्यास, सामना थांबवण्याचा, तहकूब करण्याचा किंवा कायमचा बंद करण्याचा अधिकार रेफ्रीला असतो. प्रेक्षकांतून कोणी शिट्टी वाजवली आणि ती रेफ्रीचीच समजून खेळाडू थबकला किंवा त्याने चेंडू हातात घेतला, तर त्या शिट्टीमुळे खेळात व्यत्यय आल्याची खात्री पटल्यावर रेफ्री खेळ थांबवतो आणि चेंडू जमिनीवर सोडून तो पुन्हा सुरू करतो. गोलाच्या तोंडाशी पोहोचलेली एखादी चाल, जिच्यासाठी अकरा जणांनी कष्ट घेतलेले असतात, ती गर्दीतल्या एका शिट्टीने मोडते. थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणे, याच्या वेळी प्रतिस्पर्ध्याने किमान २ मीटर दूर राहायचे असते. प्रेक्षकच रेषेवर उभे असतील तर चेंडू फेकणाऱ्याला मागे सरकायलाही जागा उरत नाही. प्रेक्षकांनी रेषेपासून काही पावले मागे राहावे, ही सूचना त्यामुळे केवळ शिस्तीसाठी केलेली नसते. खेळ त्याच्या नियमांनुसार व्हावा, एवढाच तिचा हेतू असतो.

प्रवेशद्वारावरील नियमांमागेही अशीच साधी कारणे असतात. काचेच्या बाटल्या, काठ्या आणि फटाके आत आणू दिले जात नाहीत, कारण आनंदाच्या भरात किंवा रागाच्या भरात हातात असलेली वस्तूच भिरकावली जाते. दुचाकी वाहने फाटकात लावू दिली जात नाहीत, कारण जखमी खेळाडूला नेणारी रुग्णवाहिका त्याच वाटेने येते. तंबाखूच्या बाबतीत तर नियम थेट कायद्याचा आहे : २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, परिसरात तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीला मनाई आहे. ज्या मैदानावर खेळाडू अनवाणी किंवा गुडघे टेकून खेळतात, तेथे खर्रा वा तंबाखू खाऊन थुंकणे हा त्या खेळाडूंचा प्रत्यक्ष अपमान आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रेक्षकांची निष्ठा आणि शिस्त यांचा संबंध किती नाजूक असतो, हे महाराष्ट्रात कोल्हापूरच्या फुटबॉलइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. तेथील राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजेच केएसएच्या, नियंत्रणाखाली होणाऱ्या सामन्यांत पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ उतरतात. यांपैकी अनेक संघ जुन्या पेठांमधील तालमींशी जोडलेले असल्यामुळे संघाचा पाठीराखा हा बहुधा त्या पेठेचा रहिवासी असतो आणि संघाचा विजय हा पेठेचा विजय मानला जातो. याच निष्ठेने तेथे फुटबॉल जगवला. भारताने यजमानपद भूषवलेल्या २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा याच मातीतला खेळाडू आहे. परंतु कोल्हापूरकर ज्याला ईर्षा म्हणतात, ती निकोप चढाओढीची मर्यादा सोडते तेव्हा गॅलरीतून दगड व बाटल्या येणे, समर्थकांचे गट रस्त्यावर भिडणे आणि पोलिसांना बळ वापरावे लागणे असे प्रसंगही त्याच स्टेडियमच्या परिसरात घडले आहेत. ज्या प्रेमाने खेळ उभा केला, त्याच प्रेमाला बांध नसेल तर ते खेळाच्या मुळावर येते, हा कोल्हापूरचा धडा आहे.

कोल्हापूरने दुसरा धडाही दिला आहे आणि तो मैदानाच्या रचनेचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील प्राचीन प्रेक्षागृह पाहिल्यानंतर कुस्तीसाठी तसेच मैदान उभारण्याचे मनावर घेतले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पूर्ण झाले. मध्यभागी कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची घडण असल्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. ज्याला जागेवरून दिसते तो उठत नाही, आणि पुढचा उठला नाही तर मागचा रेटत नाही. प्रेक्षकांची शिस्त पुष्कळदा अशी रचनेतूनच निर्माण होते.

रचनेकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याची किंमत जगाने आणि विदर्भानेही मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील फुटबॉल सामन्यात समर्थकांत हाणामारी उसळून चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर भारत व न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय क्रिकेट सामन्याच्या वेळी नव्याने बांधलेल्या गॅलरीची भिंत कोसळली आणि ९ प्रेक्षक प्राणाला मुकले. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या हिल्सबरो स्टेडियमवर १५ एप्रिल १९८९ रोजी आधीच भरलेल्या उभ्या प्रेक्षकांच्या कप्प्यांत आणखी गर्दी सोडण्यात आली. समोर लोखंडी जाळी असल्याने लोकांना मैदानात उतरून सुटता आले नाही आणि त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. सुरुवातीला दोष दारू पिऊन आलेल्या समर्थकांवर टाकण्यात आला, परंतु २०१६ मध्ये न्यायचौकशीतील ज्यूरीने समर्थकांचे वर्तन दुर्घटनेला कारणीभूत नव्हते असा निर्वाळा दिला. गर्दी आपोआप बेशिस्त होते ही समजूत किती घातक असू शकते, हे समजण्यासाठी त्या कुटुंबांनी न्यायासाठी लढण्यात घालवलेली सत्तावीस वर्षे पुरेशी आहेत.

यावरून प्रेक्षकांसाठीच्या नियमांना दुसरी बाजूही असते, हे लक्षात येते. दर चौरस मीटरला पाचहून अधिक माणसे उभी राहिली की माणसाला स्वतःच्या पायांवर ताबा ठेवणे कठीण होत जाते आणि गर्दी पाण्याच्या लोंढ्यासारखी सरकू लागते. अशा वेळी कितीही सभ्य माणूस शेजाऱ्याला धक्का देण्यावाचून राहू शकत नाही. म्हणून किती लोकांना आत घ्यायचे, बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि त्या उघड्या आहेत की नाहीत, दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना वेगळ्या बाजूंना बसवले आहे की नाही, पिण्याचे पाणी, महिलांसाठी स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार यांची सोय आहे की नाही, हे पाहणे आयोजकांचे कर्तव्य ठरते. हे कर्तव्य न बजावता प्रेक्षकांकडून केवळ शिस्तीची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला पोहोचत नाही.

या दोन्ही बाजू एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा शोधण्यासाठी बुलढाणा जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानात उत्सवाच्या दिवशी लोटणारी गर्दी कोणत्याही महाविद्यालयीन सामन्याच्या गर्दीहून कितीतरी पटींनी मोठी असते. तरीही दर्शनबारी, म्हणजे दर्शनासाठीची रांग, सरळ चालते आणि परिसर स्वच्छ राहतो. तेथे हजारो सेवेकरी पाळीपाळीने विनामोबदला सेवा देतात आणि रांगेतल्या लहानथोर प्रत्येकाला ‘माउली’ म्हणून संबोधतात. ‘माउली, पुढे चला’ या शब्दांत आज्ञाही आहे आणि आदरही आहे. ज्याला माउली म्हटले गेले, त्याला रांग मोडणे किंवा कचरा टाकणे अवघड जाते. खाण्याची, बसण्याची, पाण्याची काळजी आधी आणि सूचना नंतर, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. मंदिर आणि मैदान यांची प्रकृती निराळी आहे हे खरेच, कारण मैदानावर आवाज हवा, ईर्षा हवी, उसळता आनंदही हवा. परंतु आलेल्या माणसाला पाहुणा मानून त्याच्याकडून पाहुण्यासारखे वागणे मिळवण्याची रीत दोन्हीकडे तीच लागू पडते. जपानी प्रेक्षकांनी १९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकापासून सामना संपल्यावर गॅलरीतला कचरा गोळा करण्याचा जो पायंडा पाडला, त्याचे जगभर कौतुक होते. ज्या विद्यापीठाच्या नावातच हाती खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगे बाबा आहेत, त्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

एका बाबतीत मात्र समजुतीबरोबर कठोरपणाही आवश्यक आहे आणि ती बाब म्हणजे शब्दांची. प्रतिस्पर्धी खेळाडूच्या जातीवरून, रंगावरून किंवा गावावरून केलेली शेरेबाजी, महिला संघाचा सामना चालू असताना मारलेले शेरे आणि खेळाडू मुलींचे संमतीवाचून केलेले चित्रीकरण यांना चाहत्यांचा उत्साह म्हणता येत नाही. स्त्रीच्या विनयाचा अवमान करणारे शब्द व हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार गुन्हा आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमानित करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येते. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये भेदभावाच्या घोषणांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत आहे : प्रथम सामना थांबवून ध्वनिक्षेपकावरून सूचना, त्यानंतरही प्रकार चालू राहिल्यास सामना काही काळ तहकूब, आणि तरीही न थांबल्यास सामना रद्द. महाविद्यालयीन मैदानावर ही पद्धत राबवायला कोणत्याही खर्चाची आवश्यकता नाही. लागते ती पंचांच्या पाठीशी उभे राहण्याची प्राचार्यांची व क्रीडा संचालकांची तयारी.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने स्पर्धेच्या आधी खेळाडूंबरोबरच प्रेक्षकांचीही तयारी करून घ्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सेवेकऱ्यांची भूमिका द्यावी, नियमांचा फलक त्यांच्या कारणांसह सोप्या मराठीत लावावा, रेषेपासून दोर पुरेसा मागे बांधावा, बाहेरगावच्या संघाच्या पाठीराख्यांना बसायला चांगली जागा द्यावी आणि सामना संपल्यावर दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवण्याची सवय यजमानांनी स्वतःपासून लावावी. मलकापूरचा संघ मेहकरला येतो किंवा चिखलीचा संघ खामगावला जातो, तेव्हा तो त्या गावाचा प्रतिस्पर्धी असतो तो केवळ फक्कीच्या रेषेच्या आत. रेषेबाहेर तो त्या गावाचा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला सुखरूप, सन्मानाने परत पाठवणे हे यजमान गावाचे कर्तव्य आहे.