बॅटरीची तीनचाकी आणि जुन्नर-आंबेगावचे चढउतार

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचीत आले, तर नाणेघाट आणि भीमाशंकर यांच्या कड्यांपासून आरंभ करून, माणिकडोह, वडज आणि डिंभे या धरणांच्या जलाशयांना वळसे घालीत, नारायणगाव-मंचरच्या पुणे-नाशिक महामार्गापर्यंत भूमी टप्प्याटप्प्याने उतरत येते. आणि ज्याच्या पायांत बळ उरलेले नाही अशा माणसाला या भूमीवर बॅटरीच्या तीनचाकीतून, किंवा वृद्धांसाठी अलीकडे मिळू लागलेल्या छोट्या बैठ्या स्कूटरवरून हिंडावयाचे असेल, तर यंत्राच्या गुणदोषांआधी त्याने चढउतारांचा हिशेब मांडलेला बरा. हे यंत्र जन्मले ते दूरच्या सपाट प्रदेशात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाच्या गृहस्थाने मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीने ग्रासलेल्या आपल्या घरच्या माणसासाठी १९६८ साली असे पहिले वाहन तयार केले. ब्रिटनमध्ये तर या वाहनांचे वर्ग ठरलेले असून, पदपथावर ताशी ४ मैल आणि रस्त्यावर ताशी ८ मैल अशी मर्यादा त्यांना घातलेली आहे. परंतु तो कायदा पदपथ असलेल्या देशाचा. जुन्नरच्या जुन्या पेठेतून जाणाऱ्याला रस्ता, गटार आणि दुकानाची पायरी यांतूनच वाट काढावी लागते.

आपल्याकडील केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या बॅटरीच्या वाहनाची मोटार पाव किलोवॉटहून कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसा दाखला दिलेला आहे, ते मोटार वाहन गणले जात नाही. कोथरूडच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशाच संस्थांपैकी एक. गाडी घेताना या दाखल्याची नक्कल विक्रेत्याकडून मागून घ्यावी. त्याहून मोठ्या मोटारीची गाडी असेल, तर नोंदणी आणि परवाना यांची वाट परिवहन कचेरीतूनच जाते.

आता चढाविषयी. बसणाऱ्यासह गाडीचे वजन दीडशे किलो धरले, तर चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर ती पुढे नेण्यास सुमारे तीन किलोचा रेटा पुरतो. पण बारास एक अशा चढावर, म्हणजे इमारतीच्या उतरंडीसाठी आपल्याकडे ठरवून दिलेल्या चढावर, दीडशेचा बारावा हिस्सा, म्हणजे आणखी साडेबारा किलो, तिला वर ओढावे लागतात. मोटारीवरचा भार एकदम पाचपट होतो आणि बॅटरी त्याच प्रमाणात रिती होते. माहितीपत्रकात छापलेले अंतर सपाटीवरचे आणि नव्या बॅटरीचे असते. या मुलखात त्याचे निम्मे धरून चालणे हाच शहाणपणा. शिवनेरीकडे चढत जाणारा रस्ता किंवा डिंभ्याच्या पुढचा घाट यांच्या वाटेस या गाडीने जाऊच नये. जुन्नर तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोघे नांदतात. त्यांतील ओझरचा विघ्नेश्वर सपाटीवर असल्याने त्याच्या दारापर्यंत ही गाडी सुखाने पोहोचते, तर लेण्याद्रीचा गिरिजात्मज पावणेतीनशेहून अधिक पायऱ्यांवर बसलेला असल्याने तिथे तिचा काही उपाय चालत नाही.

चढ असो वा उतार, गाडी सरळ न्यावी, तिरपी कधीही नेऊ नये. पुढे एक आणि मागे दोन चाके असलेल्या गाडीचा पाया त्रिकोणी असतो. वळणात ब्रेक लावला की भार त्या त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकतो आणि गाडी बाहेरच्या बाजूस कलंडते. शिवाय वेग दुप्पट झाला की वळणात बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. म्हणून आधी वेग कमी करावा, मग वळावे. उतारावर तर चावी फिरवून गाडी बंद करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बैठ्या स्कूटरमधील विद्युत-चुंबकीय ब्रेक प्रवाह असताना मोकळा राहतो आणि प्रवाह तुटताच स्प्रिंगच्या जोरावर आवळला जातो. चालत्या गाडीची चावी बंद केली, तर ती जागीच थबकते आणि माणूस पुढे फेकला जातो. याच कारणाने बंद पडलेली स्कूटर ढकलता येत नाही. तिला ढकलण्यासाठी मागच्या बाजूस एक खटका असतो. पण तो मोकळा केला की तो ब्रेकही गेलाच म्हणून समजावे. मदतीला आलेला उत्साही मुलगा नेमका उतारावरच तो खटका ओढतो, तेव्हा घरातील प्रत्येकाला तो दाखवून ठेवण्याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी. कमरेचा पट्टा बांधावा; पदर, उपरणे आणि शालीचे टोक चाकापासून दूर खोचून घ्यावे.

रस्त्यावरचे खरे भय गळिताच्या हंगामात असते. निवृत्तीनगरच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर कारखान्यांच्या वाटांवर उसाच्या दोन-दोन ट्रेलरांचे ट्रॅक्टर धावू लागतात, आणि एवढ्या उंचीवर बसलेल्या चालकास खाली बैठकीवर बसलेला माणूस दिसेलच असे नाही. गाडीच्या मागे लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी, उंच काठीवर एक भडक झेंडा आणि दिवसाही चालू असलेला दिवा, एवढे साहित्य फार खर्चाचे नाही. दुसरे भय बिबट्याचे. उसात वाढलेल्या बिबट्यांमुळेच माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्र उभे राहिले. खाली बसलेला वा वाकलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा वाटू शकतो. त्यात ही गाडी आवाज करीत नाही. तेव्हा दिवेलागणीपूर्वी घरी परतावे, आणि उशीर झालाच तर उसाच्या कडेने एकट्याने न जाता भोंगा वाजवीत, दिवा लावून यावे.

बॅटरीची मात्र हयगय सर्वांत अधिक होते. जुन्या तीनचाकीत बहुधा शिशाच्या, प्रत्येकी बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. अशी बॅटरी अर्धवट रिती करून आठवडाभर ठेवली, की तिच्या पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे कण कठीण स्फटिक होऊन बसतात आणि मग ती कितीही काळ चार्जरला लावली तरी पूर्ववत होत नाही. म्हणून थोडी वापरली तरी रात्री चार्ज करावी, आणि पावसाळ्यात गाडी पडून राहिली तरी महिन्यातून एक-दोनदा चार्जर लावावा. लिथियमच्या बॅटरीची प्रकृती वेगळी: दीर्घ काळ ठेवावयाची असेल तर ती निम्मी भरून ठेवणे बरे, आणि ती फुगलेली दिसली तर क्षणभरही वापरू नये. एका जातीचा चार्जर दुसरीला लावणे हा अपघाताचा राजमार्ग होय. चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ, रॉकेलच्या डब्याशेजारी किंवा झोपण्याच्या खोलीच्या दारात करू नये. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट वापरावा आणि उंबऱ्यावरून लोंबणारी जोडवायर टाळावी. पश्चिम पट्ट्यातील पावसात गाडी ओल्या फडक्याने पुसावी, मोटारसायकल धुण्याच्या पंपाने तर कधीच धुऊ नये. जोडाच्या खिळ्यांवर हिरवट थर आला असेल, तर आधी गाडीचा प्रवाह तोडून तो साफ करावा आणि थोडे व्हॅसलीन लावावे. बाभळीचे काटे, हवेचा दाब, ब्रेकची तार यांची तपासणी सोमवारी करा वा शनिवारी, पण दर आठवड्यास व्हावी.

अशा तीनचाक्या बनविणारे कानपूरचे कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झाले, आणि १९८१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या 'एडिप' योजनेतून तीव्र अपंगत्व असलेल्या, सोळा वर्षांवरील व्यक्तींना मोटारची तीनचाकी मिळते. तिच्यासाठी ठराविक मर्यादेपर्यंत अनुदान असून उरलेली रक्कम पुष्कळदा लोकप्रतिनिधींच्या निधीतून भरली जाते. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरतात, फलक लागतात, छायाचित्रे निघतात, आणि पुढे बॅटरी मरते तेव्हा ती बदलण्याचा खर्च कोणत्याच दप्तरात रुजू झालेला नसतो. वाहन देणे हे काम अर्धेच झाले असे माझे मत आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखावयाची असते. तीतून गावातील प्रत्येक तीनचाकीची बॅटरी ठराविक मुदतीने बदलण्याचा ठराव ग्रामसभेत मंजूर करून घेण्यास कोणतीही अडचण नसावी.

दुरुस्तीसाठी पुण्याला धाव घेण्याची गरजही प्रत्येक वेळी पडत नाही. टोमॅटोवर औषध फवारणाऱ्या पाठीवरच्या पंपांत हीच बारा व्होल्टची जात असते, आणि त्यांची दुरुस्ती करणारा कारागीर नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात सहज भेटतो. चार्जर काढून काही तास ठेवलेल्या शिशाच्या बॅटरीवर त्याच्या मीटरने १२.७ व्होल्ट दाखविले तर ती भरलेली, १२.२ दाखविले तर निम्मी, आणि रात्रभर चार्ज करूनही ती बाराच्या खाली उतरत असेल तर नवी बॅटरी घेण्याची तयारी ठेवावी.