चुकले तर काय करते?

पनवेलजवळच्या विचुंब्यात आता इमारती उभ्या राहिल्या, घराघरांत संगणक आला. मुलांसाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर घेताना आईवडील आधी विचारतात, ‘यात अख्खा अभ्यासक्रम आहे ना?’ बँकेत कर्ज देताना आम्ही रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून ताळेबंद पाहत असू. इथे ताळेबंद म्हणजे एकच प्रश्न : मूल चुकले, की सॉफ्टवेअर काय करते?

१९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. त्यातल्या कासवाला मूल हुकूम देते : १०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे. चारदा केले की चौरस! मग समभुज त्रिकोणासाठी मूल ६० अंश वळवते आणि आकृती जुळतच नाही. कोपरा ६० अंशांचा खरा, पण कासवाला वळावे लागते १२० अंश. कासव रागावत नाही, गुण कापत नाही. वाकडी आकृती पाहून मूलच पुन्हा विचार करू लागते.

लोगोच्या काही आवृत्त्या आणि २००० साली सुरू झालेले, लहानग्यांसाठीचे ‘जीकॉम्प्री’ मोफत मिळतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी मुलाला अर्धा तास ते वापरू द्यावे, आपण शेजारी बसावे. उत्तर चुकल्यावर मूल पडद्याकडे पाहते की आपल्या चेहऱ्याकडे, एवढेच पाहावे. पडद्याकडे पाहत असेल, तर निवड योग्य आहे.